दत्तक कोणी कोणाला घ्यावे?

विद्यापीठीय जगतात गाव ‘दत्तक’ घेण्याची एक रीत गेल्या काही वर्षांत चांगलीच रुळली आहे. ठराव होतो, पाच गावांची नावे निश्चित होतात आणि एखाद्या सकाळी महाविद्यालयाची बस गावाच्या पारापाशी येऊन थांबते. फलक उलगडला जातो, चार रोपे लावली जातात, सरपंचांना श्रीफळ दिले जाते, प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात आणि ऊन चढायच्या आत बस माघारी फिरते. पुढे सचित्र अहवाल तयार होतो व तो मूल्यांकन समितीपुढे जातो. रोपांचे काय झाले, हे विचारायला मात्र कोणी येत नाही. २०१४ साली केंद्र सरकारने उन्नत भारत अभियान सुरू केले, तेव्हा उच्चशिक्षण संस्थांचे ज्ञान ग्रामजीवनाशी जोडले जावे हा त्यामागचा विचार निःसंशय उदात्त होता. परंतु विचार आणि व्यवहार यांच्यामध्ये ‘दत्तक’ हा शब्द येऊन बसला आणि त्याने सगळा अर्थच फिरवून टाकला.

हा शब्द वापरणाऱ्यांनी त्याचा धर्मशास्त्रीय अर्थ तरी पाहायचा होता. दत्तकविधानाला देणारा लागतो. जन्मदात्यांच्या संमतीवाचून दत्तक होत नाही. या गावांना कोणी कोणाच्या ओटीत घातले? आणि दत्तक कोण घेतो? ज्याला संतती नाही तो, आपला वंश चालावा म्हणून. गाव काही अनाथ नाही. त्याला त्याचे दैवत आहे, त्याचा गायता आहे, भूमिया आहे, त्याचे जंगल आहे आणि आता कायद्याने मान्य केलेली त्याची ग्रामसभाही आहे. निःसंतान आहे ते संशोधन. प्रबंध लिहिले जातात, बांधले जातात, ग्रंथालयाच्या कपाटात जातात आणि त्यांच्यापासून पुढे काहीही निपजत नाही. मग दत्तकाची गरज नेमकी कोणाला आहे?

हा प्रश्न महाराष्ट्रातील कोणत्याही विद्यापीठाला विचारता येईल. गडचिरोलीत मात्र तो टाळून चालणार नाही. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ सालची. चंद्रपूर जिल्हा दीर्घकाळ त्याच्याच कार्यक्षेत्रात होता आणि १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हाही तेथेच राहिला. सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला साध्या कामासाठी नागपूर गाठावे लागे. २७ सप्टेंबर २०११ रोजी या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, ते केवळ ही पायपीट वाचावी म्हणून नव्हे. गडचिरोलीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भूभाग वनाखाली आहे. गोंडी, माडिया, झाडीबोली, तेलुगू, छत्तीसगढी आणि पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या हिंदू कुटुंबांची बंगाली, एवढ्या भाषा येथे नांदतात. असा जिल्हा लाभलेले विद्यापीठ दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाची धाकटी प्रत होऊन राहिले, तर त्याच्या स्थापनेचा हेतूच फसला असे म्हणावे लागेल.

या विद्यापीठाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘विद्यापीठ आपल्या गावात’ या उपक्रमातून ज्यांचे शिक्षण अर्ध्यावर सुटले त्यांच्या दारी पदवीचे वर्ग नेण्याचा प्रयत्न झाला. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने विज्ञान-तंत्रज्ञान संसाधन केंद्र उभे राहिले. ग्रामसभांच्या प्रशिक्षणाचेही काम झाले. दिशा बरोबर आहे. पण हे उपक्रम विद्यापीठाच्या अंगणात आहेत, माजघरात अद्याप गेलेले नाहीत. पदोन्नती कशावर मिळते, पीएच.डी. कशावर मिळते, विभागाला गुण कशावर मिळतात, हे सारे अजून पूर्वीच्याच मापाने मोजले जाते. ते माप किती खोटे आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगालाच कळून चुकले आहे. बनावट नियतकालिकांना आळा घालण्यासाठी आयोगाने २०१८ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आणण्याचे ठरवले आणि २०२५ साली ती यादीच बंद करण्याचा निर्णय घेतला. कागद मोजणारा थकला, कागद काढणारे थकले नाहीत.

बांबूच्या बेटातले शास्त्र

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाचे नाव आता देशाला ठाऊक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली या गावाला १,८०९ हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू काही गावाबाहेर नेता येईना. वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले होते. १९२७ सालच्या इंग्रजी अमदानीतील वन अधिनियमात मात्र तो वृक्ष होता आणि वनखाते त्या व्याख्येला कवटाळून वाहतूक परवाना नाकारत होते. बांबू हे गवत आहे, ही गोष्ट वनस्पतीशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते. ती सरकारदरबारी चालवून घेण्यासाठी मात्र देवाजी तोफा आणि त्यांच्या ग्रामसभेला झगडावे लागले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. विद्यापीठ जन्माला आले ते त्यानंतर पाच महिन्यांनी.

त्या दिवसापासून ग्रामसभेपुढे जे प्रश्न उभे राहिले, त्यांकडे विद्यापीठातील प्रत्येक विभागप्रमुखाने एकदा नीट पाहावे. कोणत्या बेटातून किती काठ्या तोडायच्या आणि किती राखायच्या? निविदा कशी काढायची? ठेकेदाराने पैसे थकवले तर कोणत्या कलमाखाली दाद मागायची? आयकराचा पॅन क्रमांक कोणाच्या नावे घ्यायचा, हिशेब कोणी तपासायचा? पावसाळ्यात फुटणारे कोवळे कोंब, ज्यांना या भागात वास्ते म्हणतात, ते किती काढावेत म्हणजे ताटात भाजीही येईल आणि बेटही वाढेल? पिढ्यान्‌पिढ्या बांबूवर जगणाऱ्या बुरड कुटुंबांचा वाटा किती? आणि काही दशकांनी एकदा बांबू फुलावर येतो, बी गळते आणि अख्खे बेट वाळून जाते. त्यानंतर नवा बांबू वाढेपर्यंतची वर्षे गावाने काय खायचे?

यातला एक प्रश्न वनस्पतीशास्त्राचा, दुसरा वाणिज्याचा, तिसरा विधीचा, चौथा समाजशास्त्राचा. विद्यापीठात हे विभाग एकाच इमारतीत असूनही एकमेकांना क्वचितच भेटतात. ग्रामसभेत मात्र हे सारे प्रश्न एकाच संध्याकाळी, एकाच वडाखाली येतात. ‘आंतरविद्याशाखीय संशोधन’ या जडजंबाल शब्दाचा सरळ अर्थ एवढाच आहे. त्यासाठी परदेशी तज्ज्ञांचे चर्चासत्र भरवण्याची गरज नाही.

मेंढ्याने स्वतःची सोय स्वतः केली. ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अभ्यासगट काढले. एखादा विषय घ्यायचा, त्यावर एकत्र बसायचे, गरज पडली तर बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, आणि निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वसहमतीने करायचा, अशी ती पद्धत. मधमाश्यांना न मारता मध कसा काढावा, हादेखील तेथे अभ्यासाचा विषय झाला. माधव गाडगीळांसारखा शास्त्रज्ञ या गावाकडे वळला, तो तेथे काही देण्याइतकेच घेण्यासारखेही होते म्हणून. जानेवारी २०२५ मध्ये निधन पावलेले मोहनभाऊ सर्वोदयी परंपरेतले. त्यांची सगळीच मते संघविचारांच्या कार्यकर्त्याला पटतील असे नाही. पण ज्याने गावाला गावाच्या पायावर उभे राहताना साथ दिली, त्याच्या कामाला दाद देताना पंथ पाहायचा नसतो.

याच्या शेजारी सरकारी पद्धतीचा अभ्यास ठेवून पाहावा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही व्हायची होती. वर्षानुवर्षे कोणी हलले नाही. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दंडाचा बडगा उगारला आणि अल्पावधीत देशभरात दोन लाखांहून अधिक नोंदवह्या ‘तयार’ झाल्या. ज्या आजीबाईला कोणत्या तापावर कोणत्या झाडाची साल चालते हे ठाऊक, तिला किती ठिकाणी विचारले गेले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

लोकांनी विचारलेला प्रश्न

गडचिरोलीतून जगात गेलेले सर्वांत मोठे संशोधन कोणत्याही विद्यापीठात झालेले नाही, ही गोष्ट विद्यापीठांना बोचायला हवी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली या जिल्ह्यात ‘सर्च’चे काम सुरू केले. आरंभी त्यांनी सिकलसेल या रक्तविकाराचे सर्वेक्षण केले. शास्त्र म्हणून ते चोख होते. पण लोकांना त्यात फारसे स्वारस्य नव्हते. तो डॉक्टरांना पडलेला प्रश्न होता, गावाला पडलेला नव्हता. हा धडा बंग दांपत्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितला. त्यानंतर त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली. स्त्रियांच्या दुखण्यांविषयी गावांत कोणी बोलत नसे. राणीताईंनी दोन गावांत तपासण्या केल्या, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे दिसले. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झाल्यावर जगभरच्या आरोग्यशास्त्राला आपली दृष्टी बदलावी लागली.

पुढे ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण देण्यात आले. दवाखाना दूर, डॉक्टर नाही, रस्ता नाही, अशा ठिकाणी आरोग्यदूत झालेल्या बाईने बाळाचे वजन करावे, त्याला ऊब द्यावी, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करावा. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या द्वारे हीच पद्धत राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून देशभर गेली. शोधनिबंध येथेही झाला, जगन्मान्य नियतकालिकात झाला. पण आधी बाळ वाचले, मग निबंध छापला गेला. विद्यापीठांचा क्रम बहुधा उलटा असतो, आणि त्यातली पहिली पायरी गाठून झाल्यावर दुसरीचा विसर पडतो.

वस्तुसंग्रहालय आणि रणांगण

हे असे का होते? केवळ आळसाने नव्हे. वनवासी समाजाकडे पाहण्याची शहरी बुद्धिवंतांची दृष्टीच मुळात उसनी आहे. १९३९ साली व्हेरिअर एल्विन यांनी बैगांवरील ग्रंथात या समाजासाठी जणू एक राखीव उद्यान असावे अशी कल्पना मांडली. बाहेरच्यांनी आत यायचे नाही, आतल्यांनी बाहेर यायचे नाही. मुंबई विद्यापीठातील डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली त्याला सडेतोड उत्तर दिले. हा समाज हिंदू समाजापासून तुटलेला कोणी वेगळा नाही, त्याचाच मागे राहून गेलेला घटक आहे, हे त्यांनी साधार मांडले. घुर्यांचे नाव समाजशास्त्राच्या पुस्तकांत राहिले. एल्विनची दृष्टी मात्र विद्यापीठांच्या हाडीमांसी मुरली. आजही माडिया माणूस संशोधनात येतो तो ‘नमुना’ म्हणून. त्याचे गोटूल, त्याचे गोंदण, त्याची नाचाची वेळ. त्याला बाजारभाव कळतो, त्याच्या मुलीला परिचारिका व्हायचे आहे, हे कोणाच्या प्रश्नावलीत नसते.

दुसरी दृष्टी लाल. १९८० च्या सुमारास माओवादी गोदावरी ओलांडून या जंगलात आले आणि त्यांनी वनवासी समाजाला रणांगणातील सैन्य मानले. रस्ता नको, मनोरा नको, निवडणूक नको. खबऱ्या ठरवून किती निरपराध गोंड-माडिया तरुण मारले गेले, त्यांची नावे शहरातील परिसंवादांत कधी घेतली जात नाहीत. एकाने वस्तुसंग्रहालयात ठेवले, दुसऱ्याने बंदुकीच्या तोंडी दिले. माणूस म्हणून समोर बसवून ‘तुमचे म्हणणे काय’ असे दोघांनीही विचारले नाही.

तिसरी, आपली म्हणावी अशी परंपरा होती आणि ती याच सीमेवर होती. गडचिरोली-चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादमध्ये, निजामाच्या काळात, १९४३ पासून मार्लवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याची योजना चालली. हायमेनडॉर्फ या अभ्यासकाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या त्या योजनेत गोंडी वाचनपाठ देवनागरी लिपीत केले गेले. त्या मुलखात अधिकारी म्हणून काम केलेल्या सेतुमाधवराव पगडींनी गोंडी शिकून घेतली, तिच्या व्याकरणाचा अभ्यास केला. शिवचरित्राचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण ज्या लोकांचा कारभार करायचा त्यांची भाषा आधी शिकणारा हा प्रशासक विद्यापीठांनी डोळ्यांपुढे ठेवायला हवा. १९५२ साली जशपूरला वनवासी कल्याण आश्रम सुरू करणारे बाळासाहेब देशपांडे आणि १९९१ साली चित्रकूटला ग्रामोदय विश्वविद्यालय उभारणारे नानाजी देशमुख याच वाटेने गेले. दोघेही मराठी मातीतले. १९६५ साली मुंबईत दीनदयाळजींनी एकात्म मानवदर्शन मांडले, तेव्हा व्यक्ती, समाज, सृष्टी यांना तुकड्यांत पाहू नये असेच त्यांचे सांगणे होते. पुढे बावीस वर्षांनी ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल आला आणि ‘शाश्वत विकास’ हा शब्द जगभर झाला. आपल्या विद्यापीठांच्या संदर्भसूचीत ब्रुंटलँड असतात, दीनदयाळजी नसतात. असो.

आता सबब उरली नाही

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. पोलीस दलाच्या जवानांनी चार दशके रक्त सांडून हा दिवस आणला. त्याचा एक परिणाम विद्यापीठावरही व्हायला हवा. भामरागड, एटापल्लीकडे संशोधक का जात नाहीत, याला आजवर एक तयार उत्तर होते. ते आता चालणार नाही.

आणि जाणे निकडीचे आहे, कारण दुसरे लोक तेथे पोहोचले आहेत. सुरजागडच्या लोहखनिजाची खाण २०२१ पासून जोमाने सुरू झाली. २०२३ साली तिची मंजूर क्षमता वर्षाला एक कोटी टनांवर गेली. कोनसरीला पोलादाचा प्रकल्प उभा राहत आहे. वनवासी तरुणाला आपल्याच जिल्ह्यात रोजगार मिळावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. माओवाद्यांनी अडवलेला तो विकासच होता. लॉयड्स मेटल्स कंपनीच्या सहकार्याने विद्यापीठाने तंत्रज्ञान संस्था सुरू करण्याचे पाऊल उचलले आणि ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठाशी त्यासाठी संबंध जोडला, हेही स्वागतार्ह आहे. येथील मुलगा खाणीत केवळ मजूर म्हणून का राहावा? तो अभियंता व्हावा.

पण विद्यापीठ म्हणजे उद्योगाला मनुष्यबळ पुरवणारी संस्था एवढेच नव्हे. खाणीच्या पायथ्याच्या शेतांत पावसाळ्यात लाल माती वाहून येते, अशा तक्रारी शेतकऱ्यांनी केल्या आहेत. जड वाहनांनी रस्त्यांची आणि त्यांवरून चालणाऱ्यांची काय गत केली, हे आलापल्लीचा कोणताही दुकानदार सांगेल. ज्या डोंगरावर खाण आहे तो ठाकुरदेवाचा डोंगर आहे. दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. ओढ्याचे पाणी दर महिन्याला कोण तपासते? यात्रेची वाट, देवाची जागा, यांचे काय होणार, याचा अभ्यास कोण करते? कंपनीचा अहवाल कंपनीचा असतो आणि विरोधकांचा विरोधकांचा. दोघांनाही निमूटपणे मान्य करावा लागेल असा आकडा देणारी जागा समाजात एकच असते, ती म्हणजे विद्यापीठ. ज्याच्या साहाय्याने एक प्रयोगशाळा उभी राहते, त्याच्याविषयी दुसऱ्या प्रयोगशाळेने खरे बोलावे, हीच विद्यापीठाच्या स्वायत्ततेची कसोटी.

ही कसोटी काल्पनिक नाही. शेजारचे चंद्रपूर पाहावे. कोळसा, वीज, सिमेंट, कागद, सर्व काही तेथे आले. आणि २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा ८३.८८ गुणांनिशी चंद्रपूर देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत चौथे ठरले. तो आकडा दिल्लीहून यावा लागला. गडचिरोलीचा आकडा गडचिरोलीतच, वेळेवर आणि लोकांच्या भाषेत निघाला पाहिजे.

त्यासाठी विद्यापीठाने फार काही करायचे नाही. एक नियम करावा. या दोन जिल्ह्यांतील गाव, जंगल वा समाज यांच्यावरील कोणत्याही प्रबंधाची मौखिक परीक्षा, त्याचा सारांश संबंधित ग्रामसभेत मराठीत आणि गोंडी किंवा माडियात वाचला गेल्याशिवाय होऊ नये. ग्रामसभेचे म्हणणे प्रबंधाला जोडले जावे. विद्वानांचा यावर आक्षेप ठरलेला आहे: शास्त्रातील सत्य काय हात वर करून ठरवायचे? मुळीच नाही. पाण्यात लोह किती, हे यंत्रच सांगेल. पण नमुना कोणत्या ओढ्यातून घेतला, संशोधक पावसाळ्यात आला होता की फक्त डिसेंबरात, ज्या म्हाताऱ्याची मुलाखत छापली आहे त्याला प्रश्नाची भाषा तरी समजली होती का, हे गावाइतके कोणाला ठाऊक असणार? बाहेरच्या परीक्षकाला ते कधीच कळत नाही. या एका नियमाने निम्मे प्रबंध आपोआप थांबतील आणि उरलेले वाचण्यासारखे होतील. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मातृभाषा, भारतीय ज्ञानपरंपरा आणि विद्याशाखांचा संगम या तिन्ही गोष्टी आहेतच; धोरण दिल्लीत झाले, ते राबवायला गडचिरोलीपेक्षा योग्य भूमी दुसरी कोणती?

प्रबंध लिहायला वेळ लागतो. नियम व्हायलाही लागेल. तोवर एक छोटी गोष्ट करता येईल. तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात असतो. पेसा कायद्याचे नियम २०१४ साली राज्यात लागू झाले आणि अनेक ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात. वर्षातला सर्वाधिक रोख पैसा त्या थोड्या दिवसांत गावात येतो. मोजणी, भाव, ठेकेदाराचा करार, मजुरी, बोनस या सर्व व्यवहारांत ग्रामसभेला जाणत्या माणसाची गरज सर्वांत जास्त तेव्हाच असते. पहाटे सारे गाव जंगलात आणि संध्याकाळी फळीवर. विद्यापीठाची उन्हाळी सुट्टीही नेमकी त्याच दिवसांत असते. वाणिज्य, विधी आणि वनस्पतीशास्त्र विभागांतील कोणते प्राध्यापक आणि कोणते विद्यार्थी येत्या मे महिन्यात कोणत्या गावच्या फळीवर असतील, त्याची यादी विद्यापीठाने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ग्रामसभांकडे पाठवावी.